क्लाक्सविकचं व्याख्यान आणि पहिली पंगत

जहाजावर माझं काम बंदरांची माहिती सांगण्याचं. उद्या सकाळी जहाज ज्या गावाला लागणार, त्या गावाबद्दल आदल्या दिवशी थिएटरात उभं राहून पाऊण तास बोलायचं. काय बघावं, बस कुठून सुटते, परत किती वाजता यावं. लँकेशायरच्या एका शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवून मी निवृत्त झाले आणि हे काम धरलं. वाटलं होतं, आता समोर बसतील ती निदान मोठी माणसं असतील. तिथेच फसले.

त्या उन्हाळ्यात आम्ही न्यूकॅसलहून निघालो होतो. आधी शेटलंडमधलं लर्विक, मग फेरो बेटांवरचं टोर्शहाव्न, पुढे आइसलंड. अकराशे प्रवासी. बहुतेक सत्तरीच्या पुढचे, बहुतेक आमच्या उत्तर इंग्लंडातलेच, आणि एकजात भुकेले.

भुकेचं मुद्दाम सांगते, कारण सगळा घोळ तिथूनच. मोठ्या डायनिंग हॉलमध्ये जेवणाच्या दोन पंगती असत. पहिली सव्वासहाला, दुसरी साडेआठला. टेबल ठरलेलं, शेजारी ठरलेले. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी वरच्या डेकवर बुफे, केव्हाही जा, ताट भरून घ्या. आणि मागच्या टोकाला ग्रिल, तिथे पैसे वेगळे. यात न कळण्यासारखं काय आहे? पण मी शेटलंडचे कडे, पक्षी, वारे असं सगळं जीव तोडून सांगून "काही प्रश्न?" म्हटलं, की एक हात वर यायचा. "ग्रिलमधलं लॉब्स्टर भाड्यातच धरलंय का हो?" दुसरा हात. "आम्ही चौघं आणि टेबल सहाचं दिलंय. उरलेले दोघं कोण आहेत ते आधी बघायला मिळेल का?" तिसरा हात. "गावात उतरल्यावर बुफे बंद नाही ना होणार?"

त्यातून माझं व्याख्यान सव्वापाचला ठेवलेलं. म्हणजे सहा वाजले की पहिल्या पंगतीवाल्यांची चुळबूळ सुरू. पर्सच्या चेनी, खुर्च्यांचे आवाज, "सूप निवेल" अशी कुजबुज. आणि व्याख्यान लांबलं की डायनिंग हॉलचा प्रमुख दांते मगबानुआ माझ्या नावाने खडे फोडणार. दांते फिलिपिन्समधल्या इलोइलोचा. वीस वर्षं बोटीवर काढलेली, कोटाला सुरकुती नाही आणि स्वभावात दया नाही.

"हेझल मॅडम," तो म्हणायचा, "तुमचे डोंगर उद्याही तिथेच असणार आहेत. माझं सूप नसतं."

"मग वेळ बदलून घे ना वरच्यांकडून!"

"मी का बदलू? पंगत आधीपासून सव्वासहाला आहे. तुम्ही नंतर आलात."

व्याख्यान लांबायचं ते माझ्यामुळे नाही, हे त्याला कितीदा सांगितलं. लांबायचं ते लेन स्टॅदर्समुळे. हा हल बंदराचा माणूस, वय शहात्तर, हात फावड्यासारखे, एक पाय किंचित ओढत चालणारा. पहिल्या रांगेत मधोमध बसायचा. शेजारी त्याची बायको मेविस, मांडीवर पर्स धरून, घड्याळाकडे बघत. लेनने तीस वर्षं उत्तरेच्या समुद्रात ट्रॉलरवर मासे मारले होते, त्यामुळे तिथला प्रत्येक खडक त्याच्या ओळखीचा. मी तोंड उघडलं की याचा हात वर.

"बाई, तो वारा नैर्ऋत्येचा नाही. वायव्येचा."

"धन्यवाद, मिस्टर स्टॅदर्स."

"आणि ते बेट तुम्ही नकाशात दाखवलंत ना, त्याच्या पलीकडचं म्हणायचं होतं तुम्हाला."

चूक असती तर एक वेळ मानलं असतं. पण मेला दर वेळी बरोबर निघायचा! ते जास्त चिडवणारं.

लर्विक वाऱ्यामुळे चुकलं. नुसतं लांबून दिसलं, धुक्यात, चार दिवे. त्या दिवशी निदान वीस जणांनी मला गाठून विचारलं, "काल तर तुम्ही म्हणालात की नऊला उतरायचं?" जणू वारा मी सोडला होता. एक बाई तर म्हणाली, "ऐकण्यात आमचा पाऊण तास गेला, तो कोण भरून देणार?"

त्याच संध्याकाळी दांतेने सूड उगवला. आम्हा व्याख्यात्यांनी प्रवाशांबरोबर जेवायचं असा नियम आहे. त्याने मला एक्केचाळीस नंबरच्या टेबलावर बसवलं. बघते तर समोर लेन आणि मेविस.

"छान झालं," लेन म्हणाला, "कालचं राहिलेलं बोलून टाकू." मग त्याने ताटातला कॉड काट्याने उलटा केला, वास घेतला आणि वेटरला बोलावलं. "हा मासा समुद्र विसरलाय. परत ने."

"लेन, गप गिळ," मेविस म्हणाली. "घरी फिश फिंगर्स खातोस."

दुसऱ्या दिवशी मी दुपारी बुफेत पळाले. ताट घेऊन कोपऱ्यात बसते न बसते तोच समोरची खुर्ची सरकली. "इथे बसलात होय? चांगलं केलंत. ते टोर्शहाव्नच्या धक्क्याबद्दल मला जरा सांगायचं होतं."

ते सांगायची वेळच आली नाही. अडीच वाजता कॅप्टनची घोषणा झाली. वारा अजून पडलेला नाही, टोर्शहाव्न रद्द. त्याऐवजी आडोशाच्या क्लाक्सविकला उद्या सकाळी आठला लागू. आणि शेवटी, अगदी गोड आवाजात, "क्लाक्सविकची सगळी माहिती आपल्या हेझल ऑर्मरॉड सव्वापाचला देतीलच."

मी क्लाक्सविकला आयुष्यात गेले नव्हते.

पावणेतीन तास होते. जहाजाचं इंटरनेट त्या वाऱ्यात एकेक अक्षर थेंबासारखं गाळत होतं. लायब्ररीत होत्या खुनांच्या कादंबऱ्या आणि विणकामाची पुस्तकं. वर ब्रिजवर, जिथून जहाज चालवतात तिथे, गेले तर तिथल्या अधिकाऱ्याने नकाशा पुढे केला. "पाण्याची खोली सांगू शकेन," तो म्हणाला, "आणि दीपगृह किती सेकंदांनी लुकलुकतं ते." सव्वापाचला माझ्याजवळ अर्धं पान होतं. त्यात मासळीवर चालणारं गाव, एक चर्च, एक इस्पितळ आणि दोन्ही बाजूंना डोंगर. खाली थिएटर खच्चून भरलेलं, कारण लर्विक हुकल्यावर सगळ्यांना जमीन हवी होती.

मी सुरुवात केली. "क्लाक्सविक हे फेरो बेटांमधलं दुसऱ्या क्रमांकाचं गाव. जेटीवरून डावीकडे वळलं की..."

हात वर.

"उजवीकडे, बाई."

माझ्यात काय संचारलं कोण जाणे. एकतीस वर्षांत वर्गातल्या पोरांवर जो आवाज काढला नव्हता तो निघाला. "मिस्टर स्टॅदर्स! इतकं येतंय ना तुम्हाला, तर या वर! हा घ्या माइक! मला खाली बसू दे आणि हात वर करू दे!"

मेविसने पर्स घट्ट धरली. मला तत्क्षणी वाटलं, झालं, गेली नोकरी. पण लेन उठला. पाय ओढत पायऱ्या चढला, माझ्या हातातून माइक घेतला आणि लोकांकडे तोंड करून उभा राहिला. आणि बोलेचना. अर्धं मिनिट, एक मिनिट. कपाळावर घाम.

"बोल की रे!" मेविस खालून ओरडली. "घरी तर तुझ्या तोंडाला झाकण नसतं."

लोक हसले आणि तो सुटला.

एकोणीसशे सदुसष्टचा फेब्रुवारी, तो म्हणाला. मी एकोणीस वर्षांचा. जाळं ओढायच्या विंचची तार सुटली आणि पाय दोन ठिकाणी मोडला. आमच्या कप्तानाने मला क्लाक्सविकच्या इस्पितळात उतरवलं आणि तो परत माशांमागे गेला. त्याचंही बरोबर होतं, मासळीचा होल्ड अर्धा रिकामा होता. मी तिथे पाच आठवडे होतो. शेवटचे दोन आठवडे कुबड्यांवर सगळं गाव फिरलो. म्हणून सांगतो, जेटीवरून उजवीकडे. आधी बेकरी लागेल, तिथला काळा पाव घ्या. मग इस्पितळ, त्याच्या मागून पायवाट चढते, ती थेट डोंगराच्या खांद्यावर. चर्चमध्ये जा, छताला एक जुनी होडी टांगलीय, खरीखुरी वल्ह्यांची. आणि तिथे एक बाई होती, मारयुन नावाची...

एवढ्यात बाजूचं दार धाडकन उघडलं. दांते. सहा वाजून पंचवीस झाले होते. तो मधल्या वाटेने सरळ स्टेजवर आला, लेनच्या हातातून नम्रपणे माइक काढून घेतला आणि म्हणाला, "लेडीज अँड जंटलमेन, मशरूमचं सूप आणखी दहा मिनिटं मिळेल. त्यानंतर मिळणार नाही."

दोन मिनिटांत थिएटर रिकामं झालं. काठ्या, चाकाच्या खुर्च्या, सगळ्यांना पंख फुटले. लेन तोंड तसंच उघडं ठेवून उभा. मी दांतेला म्हणाले, "तू माणूस आहेस का?"

"मी डायनिंग हॉल आहे," तो म्हणाला आणि गेला.

पण गोष्ट अर्धी ऐकलेल्या माणसांना सूप जात नाही. आम्ही एक्केचाळीसवर बसलो तेव्हा चाळीसवरून एका म्हाताऱ्याने मान वळवली. "ओ, मग त्या बाईचं काय?" त्रेचाळीसवाल्यांनी खुर्च्याच ओढून आणल्या. बघता बघता टेबलाभोवती तीन फेर झाले. वेटरांना बश्या डोक्यांवरून द्याव्या लागल्या. लेन सांगत होता. इस्पितळात आणलं तेव्हा कपडे कापूनच काढले होते अंगावरून. मारयुन शेजारच्या घरातली, नवरा समुद्रात गेलेला, पन्नाशीची. ओळख ना पाळख, रोज दुपारी एक डबा घेऊन यायची. नवऱ्याचा स्वेटर आणून तिने माझ्या अंगात घातला. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि मला तिची भाषा. पाच आठवडे आम्ही बोटांनी बोललो.

"आणि मग?" कुणीतरी विचारलं.

"मग काय? आमची बोट आली, मी गेलो," लेन म्हणाला आणि एकदम बटाटे खायला लागला.

साडेआठ झाले. दारात दुसरी पंगत सपाटून भुकेलेली उभी. दांते टाळ्या वाजवत फिरत होता. "ही पंगत आहे, सभा नाही! उठा! मिसेस डग्डेल, तुमचं पुडिंग केव्हाच संपलंय, उठा!" कुणी हलेना. शेवटी तो माझ्यापाशी येऊन वाकला. "हेझल मॅडम, उद्या तुम्ही बुफेत जेवा. परवाही."

सकाळी आठला जहाज क्लाक्सविकला लागलं. अकराशे माणसं लेनच्या शब्दावर उतरली आणि उजवीकडे वळली. साडेदहापासून परत यायला लागली, ती तणतणतच.

"बेकरी कुठाय? तिथे टायरचं दुकान आहे!"

"पायवाटेवर कुणीतरी घर बांधलंय. आम्ही त्यांच्या परसात शिरलो. कुत्रा होता त्यांच्याकडे!"

"काळा पाव म्हणे. एक पोरगी माझ्याकडे बघून हसली नुसती."

मी रिसेप्शनजवळ उभी होते आणि, खोटं कशाला बोलू, आतून उकळ्या फुटत होत्या. "मिस्टर स्टॅदर्सनी सांगितलं होतं ना? मग त्यांनाच विचारा. केबिन नंबर पाच हजार एकशे बारा." खरोखर गेले दहा-बारा जण. त्यांच्यावर लेन खेकसल्याचं जिन्यापर्यंत ऐकू आलं. "अहो, सत्तावन्न वर्षांपूर्वीचं सांगितलं मी! तुमचं गाव राहिलंय का तसंच?" चर्चमधली होडी तेवढी सगळ्यांना सापडली होती. पण तिच्याबद्दल धन्यवाद द्यायला कुणी गेलं नाही.

अकरा वाजता मेविस मला शोधत आली. पर्स नव्हती हातात, म्हणून लगेच लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय.

"तो उतरलाच नाही," ती म्हणाली. "सकाळी सहापासून बूट घालून पलंगावर बसलाय. मी म्हणते चल, तर म्हणतो गुडघा दुखतोय. दुखत नाहीये त्याचा गुडघा. त्रेपन्न वर्षं झाली आमच्या लग्नाला, त्या बाईचं नाव मी काल सूप पिताना पहिल्यांदा ऐकलं."

"मग मी काय करू?"

"तुमच्यावर तो चिडतो. चिडला की चालायला लागतो. या."

तसंच झालं. मी केबिनच्या दारातून म्हणाले, "मिस्टर स्टॅदर्स, लोक म्हणतात इस्पितळ जेटीच्या डावीकडे आहे." तो ताडकन उठला.

इस्पितळ उजवीकडेच होतं, फक्त नवं आणि मोठं. शेजारची जुनी घरं मात्र होती तशीच. काळी लाकडी, छपरांवर गवत वाढलेलं. लेन तिसऱ्या घरापाशी थांबला आणि दार न वाजवता उभा राहिला. पाच मिनिटं झाली. वारा कानात शिरत होता. शेवटी मीच वैतागून दार वाजवलं.

दार उघडणारी साठी ओलांडलेली, उंच, हातात बटाटे सोलायची सुरी. नाव बारबा. इंग्रजी स्वच्छ. मी काय ते सांगितलं. मारयुन तिच्या नवऱ्याची काकू. वारून तीस वर्षं झाली होती. बारबाने लेनकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नजर त्याच्या पायावर थांबवली.

"म्हणजे तो इंग्रज तुम्हीच? उशीवाला?"

"उशीवाला म्हणजे?" मेविसने विचारलं.

"काकू रोज याच्यासाठी सुकवलेलं मटण घेऊन जायची. घरातलं चांगल्यातलं चांगलं, नऊ महिने वाऱ्यावर टांगलेलं. हा गेल्यावर नर्सने उशी झटकली तर आत हे एवढे तुकडे! काकू मरेपर्यंत सांगायची. समुद्राने माझा नवरा नेला ते समजलं, पण हा गाढव उशीला मटण का चारत होता ते समजलं नाही."

लेनचा चेहरा बीटासारखा झाला. मेविस आधी हसली, मग नवऱ्याकडे बघून थांबली.

"वास यायचा हो त्याला," लेन पुटपुटला. "आणि नको म्हणायचं कसं ते येत नव्हतं. बोटांनी नको म्हटलं की ती आणखी वाढायची."

"आत या," बारबा म्हणाली. तो हुकूमच होता.

तिने टेबलावर फळी ठेवली. घराच्या मागे फटीफटींचं लाकडी खोपट होतं, तिथून एक तंगडी आणली आणि पातळ काप काढले. गडद, जवळजवळ जांभळे. वास माझ्यापर्यंत आला आणि मला एकोणीस वर्षांच्या लेनची बाजू एकदम पटली. लेनने एक काप तोंडात टाकला, बराच वेळ चघळला आणि गिळला. मग दुसरा घेतला.

"पत्र का नाही लिहिलं?" बारबाने विचारलं. "तिने दोन वर्षं पोस्टात चौकशी केली होती."

मेविसच उत्तर देणार होती, पण लेनने हात वर केला. या वेळी हळूच. "मला लिहिता येत नव्हतं. सही येत होती, तेवढीच. हिच्याकडून शिकलो, लग्नानंतर. तोवर पाच वर्षं झाली होती. पाच वर्षांनी काय लिहायचं? मग दहा झाली. मग लाजच वाटायला लागली."

"आणि स्वेटर?"

"तो मी घातला. समुद्रावर, सात हिवाळे. कोपरं फाटली ती मीच शिवली, मग बाह्या गेल्या. शेवटी त्याचं इंजिन पुसायचं फडकं झालं. परत पाठवायला हवा होता. तिच्या नवऱ्याचा होता."

बारबाने सुरी पुसली. "समुद्रावर घातला ना? कपाटात नाही ठेवला?"

"नाही."

"मग ठीक आहे. काकूने विणलाच होता समुद्रासाठी." एवढं बोलून तिने त्याच्या पुढ्यात आणखी चार काप सरकवले. "खा. उशी नाहीये इथे."

निघताना तिने एक मोठा तुकडा कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिला. माफ केलं की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून शेवटपर्यंत कळलं नाही.

जहाज दोनला सुटणार होतं. आम्ही दीडला धक्क्यावर पोचलो आणि शिडीच्या तोंडाशी सुरक्षारक्षकाने पुडकं अडवलं. बाहेरचं मांस जहाजावर नेता येत नाही. नियम आहे, बोर्ड लावलेला आहे, मी स्वतः प्रत्येक व्याख्यानात तो सांगते.

"हे मांस नाही," लेन म्हणाला.

"मग काय आहे सर?"

"ते तुला सांगायला मला पाच आठवडे लागतील."

"सर, त्या पेटीत टाका आणि वर या."

लेनने वाद घातला. रक्षकाशी, मग त्याच्या वरिष्ठाशी, मग माझ्याशी. वरून कठड्यावर ओणवे झालेले प्रवासी सल्ले देत होते. पावणेदोन झाले. मी म्हणाले, "मिस्टर स्टॅदर्स, मी तुमच्या पाया पडते. टाका ते आणि चला."

"नाही टाकणार," तो म्हणाला. तिथेच धक्क्यावरच्या एका लोखंडी खुंट्यावर तो बसला, कागद सोडला, खिशातून चाकू काढला आणि खायला लागला. घाई नाही, काही नाही. काप काढायचा, तोंडात टाकायचा, चघळायचा. मेविस थोडा वेळ बघत उभी राहिली. मग तिने कोट सावरला, शेजारच्या दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसली आणि हात पुढे केला. त्याने तिला एक काप दिला. तिने तो चावला आणि डोळे घट्ट मिटले.

"देवा रे," ती म्हणाली. "दुसरा दे."

दोनला सात मिनिटं उरली. रक्षक घड्याळ बघत होता, मी घड्याळ बघत होते, वर ब्रिजवरून कुणीतरी दुर्बीण लावली होती. शेवटी एक तळव्याएवढा तुकडा उरला आणि लेनचा जबडा थकला. त्याने चाकू माझ्याकडे केला.

"बाई, हातभार लावा. नाहीतर इथेच राहतो."

मला फार राग आला होता. सगळ्या प्रवासाचा, सगळ्या प्रश्नांचा, त्या माणसाचा. मी तो तुकडा घेतला आणि रागारागाने अख्खा तोंडात कोंबला. खारट, तुरट, शेळीच्या गोठ्यासारखा वास, आणि त्याच्या मागे काहीतरी गोडसर. मी चघळतच शिडी चढले, तो मागून पाय ओढत आणि मेविस त्याचा हात धरून. आम्ही आत पाऊल टाकलं आणि शिडी वर घेतली गेली.

त्या संध्याकाळी पहिल्या पंगतीच्या वेळी आम्हा तिघांनाही भूक नव्हती.